लहान विमानाचा रंग : जुना की नवा?

विमानाचा रंग म्हणजे केवळ शोभेची बाब, असा पुष्कळांचा समज असतो. पोळ्याच्या दिवशी बैलांची शिंगे ज्याच्या त्याच्या हौसेप्रमाणे रंगविली जातात, तद्वत लहान विमानाचा धनीही आपल्या आवडीचा डबा उघडून कुंचला चालवीत असेल, असे त्यांस वाटते. वस्तुतः विमानाच्या अंगावर कोणता रंग शोभेल, हा प्रश्न शेवटी विचारावयाचा असतो. रंगाखाली काय आहे, ते विमान कोणत्या हवेत राहणार, आणि त्यास कोणी व कोठून पाहावयाचे आहे, हे तीन प्रश्न त्याच्या आधी येतात. त्यांची उत्तरे मिळाली म्हणजे जुन्या पद्धतीचा रंग द्यावा की नव्या, या वादाचा निम्मा भाग आपोआप मिटतो. उरलेल्या निम्म्याचा विचार मात्र सावकाश केला पाहिजे.

हा विषय आपल्या भागास परका नाही. गोंदियानजीक बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने धावपट्टी बांधली. ता. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोपर्यंत बिरसी हे गाव आपल्या भंडारा जिल्ह्यातच होते. सांप्रत तेथे वैमानिकांचे शिक्षण चालते. शिकाऊ वैमानिकांची ती छोटी विमाने ज्यांनी पाहिली असतील त्यांच्या ध्यानात आले असेल की, ती जवळजवळ सर्वस्वी पांढरी असतात. याउलट जुन्या चित्रांत लहान विमाने पिवळी, चंदेरी, निळी, हिरवी अशी नाना तऱ्हेची दिसतात. मग आजच्या लोकांची रसिकता आटली असे समजावयाचे काय? तसे मुळीच नाही. कारण शोधावयाचे तर रंगाचा पापुद्रा सोलून आत डोकावले पाहिजे.

आरंभीच्या लहान विमानांचे अंग कापडाचे होते. लाकडाचा किंवा पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसविलेले तागाचे अथवा सुती वस्त्र, ही त्यांची घडण. ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले, ते पस मॉथ विमान याच जातीचे. नुसते कापड वाऱ्यात सैल पडते, ओले होते आणि हवा आरपार जाऊ देते. म्हणून त्यावर डोप नावाचे एक पातळ रोगण द्यावे लागते. मोहाडी तालुक्यातील आंधळगावचे कोष्टी सुताला खळ देतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. खळीने सूत ताठ होते. डोपने कापड ताठ होते आणि वाळता वाळता आकसून नगाऱ्याच्या चामड्याप्रमाणे ताणलेही जाते. बोटाने टिचकी मारली तर टणत्कार ऐकू यावा, अशी त्याची कसोटी आहे.

परंतु या वस्त्राचा खरा वैरी पाऊस नसून ऊन आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण कापडाचे तंतू आतून कुजवितात. वरून धडधाकट दिसणारे कापड अशा वेळी अंगठ्याच्या दाबाने फाटते. यावर तोडगा म्हणून डोपमध्ये ॲल्युमिनियमची बारीक भुकटी कालवून त्याचे काही हात देण्याची रीत पडली. धातूचे ते असंख्य कण माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक बसून किरणांना आत शिरू देत नाहीत. जुन्या विमानांचे चंदेरी पंख पाहून आपण त्यांच्या रूपाची वाखाणणी करतो. पण ते रूप म्हणजे कापडावर धरलेली छत्री होती. पुढे त्या चंदेरी थरावर कोणी लाल रंग दिला, कोणी निळा; तरी खाली छत्री कायमच राहिली. जुन्या विमानास जुना रंग देऊ इच्छिणाऱ्याने हा थर गाळला, तर त्याने रूप तेवढे उचलले आणि अक्कल मागे ठेवली असे म्हणावे लागेल.

कापडानंतर धातू आला. अमेरिकेतील सेसना कारखान्याचे १७२ हे चार आसनी विमान १९५६ साली विक्रीस आले आणि पुढे त्याच्या ४४,००० हून अधिक प्रती निघाल्या. आजवर इतक्या संख्येने दुसरे कोणतेही विमान तयार झालेले नाही. त्या काळच्या पुष्कळशा विमानांचा पत्रा उघडा, चकचकीत ठेवीत आणि त्यावर रंगाचे एकदोन पट्टे तेवढे ओढीत. उघडा पत्रा कसा टिकतो, हे भंडाऱ्याच्या मुलांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही, कारण आपले शहर पितळी भांड्यांचे आहे आणि कल्हई म्हणजे काय हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. विमानाचा पत्रा तांबे मिसळलेल्या बळकट ॲल्युमिनियमचा असतो. पण हा मिश्र धातू लवकर गंजतो. म्हणून त्याच्या दोन्ही अंगांस शुद्ध ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर कारखान्यातच दिलेला असतो. ही विमानाची कल्हईच होय. आता भांड्याची कल्हई राखेने रोज खसाखसा घासली तर जे होते, तेच विमान वारंवार घासून लखलखीत ठेवणाऱ्याच्या पदरी पडते. दर खेपेस थोडा थोडा थर जातो आणि अखेर खालचा हळवा धातू उघडा पडतो. कोकणासारख्या खारट हवेत तर उघड्या पत्र्याची हौस फारच महाग पडते. आमच्याकडील कोरड्या हवेत ती पुष्कळ काळ निभेल, तरी चार महिन्यांचा पावसाळा येथेही आहेच. धातूच्या विमानास रंग देणे हे म्हणून नव्या जमान्याचे फॅड मानण्याचे कारण नाही. आधी गंजरोधक अस्तर आणि त्यावर आजचा कठीण, तकतकीत रंग, हे त्याचे आयुष्य वाढविणारे चिलखत आहे.

बिरसीच्या विमानांची गोष्ट याहून निराळी. ऑस्ट्रियातील डायमंड कारखान्याची ही विमाने कापडाची नाहीत, पत्र्याचीही नाहीत. काचेचे व कर्बाचे तंतू कृत्रिम राळेत बसवून त्यांची अंगे साच्यात घडविलेली असतात. असे अंग हलके असते, बळकट असते, आणि त्यावर एक खिळासुद्धा वर आलेला दिसत नाही. त्याचे एकच दुखणे: राळ फार तापली की नरमू लागते. लाखेची कांडी उन्हात ठेवली म्हणजे काय होते ते आठवावे. विमानाची राळ लाखेइतकी नाजूक नसते खरी. पण सांगाड्याच्या ठरावीक तापमानापलीकडे उड्डाण करू नये, असा निर्बंध या जातीच्या काही विमानांना घातलेला असतो. वैशाखात आपल्याकडे सावलीतच पारा ४५ अंशांवर चढतो. अशा दिवशी उघड्या मैदानावर उभ्या असलेल्या विमानाचा वरचा भाग काळा असेल, तर त्याची उष्णता ८० अंशांच्या घरात जाऊ शकते. पांढरा असेल तर ती पुष्कळच कमी राहते. पांढरा रंग हे त्या राळेचे औषध आहे, ते असे.

ज्यांस हे पुस्तकी वाटत असेल त्यांनी स्वतः पाहावे. एकाच मापाचे पत्र्याचे दोन डबे घ्यावेत. एकास बाहेरून काळा व दुसऱ्यास पांढरा रंग द्यावा. दोहोंत सारखे पाणी घालून, झाकणे लावून, दुपारी बारा वाजता ते उन्हात लाकडी फळीवर शेजारी शेजारी ठेवावेत. दर पंधरा मिनिटांनी तापमापकाने दोहोंतील पाण्याची उष्णता मोजून कोष्टक मांडावे. डबे जमिनीवर ठेवू नयेत, नाहीतर भुईची उष्णता दोहोंस मिळून फरक झाकला जाईल. तिसरा डबा चंदेरी रंगाचा ठेविल्यास आणखी मौज आहे. त्याचे स्थान कोठे पडते ते आधी अंदाजाने लिहून ठेवावे आणि मग मोजावे.

येथवर पांढऱ्या रंगाचा विजय झालासे वाटेल. पण आता तिसरा प्रश्न घेऊ: विमान कोणास व कोठून दिसावे? आकाशात दोन लहान विमाने एकमेकांस वेळीच दिसली नाहीत तर अनर्थ ओढवतो. शिक्षणाच्या विमानतळावर तर एकाच आकाशात अनेक नवशिके फेऱ्या मारीत असतात. जुन्या काळी शिकाऊ विमाने पिवळी रंगवीत ती यासाठी. सायकल शिकणारा पोर दिसला म्हणजे आपण वाट सोडतो, तसे पिवळे विमान दिसताच इतरांनी दूर व्हावे हा हेतू. मात्र डोळ्याची रीत मोठी चमत्कारिक आहे. उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर रंग ओळखूच येत नाही. कावळा काय आणि बगळा काय, उंचावर दोन्ही काळसर ठिपकेच. इंग्लंडच्या हवाई दलाने याची परीक्षा घेऊन १९९० नंतरच्या दशकात आपल्या शिकाऊ विमानांना चक्क तकतकीत काळा रंग देण्यास आरंभ केला; कारण दिवसा आकाशात तोच सर्वांत ठळक दिसतो असे त्यांस आढळले. म्हणजे पाहा, डोळ्याला जो रंग हवा तोच राळेला वर्ज्य! इंग्लंडच्या मवाळ उन्हात, धातूच्या विमानावर जे शहाणपण ठरले, ते गोंदियाच्या उन्हात, राळेच्या विमानावर घातक ठरेल.

वरून खाली पाहणाऱ्याचा हिशेब याहूनही वेगळा. ता. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून उडालेले एक शिकाऊ विमान बालाघाटच्या डोंगराळ भागात कोसळले आणि शिक्षक व विद्यार्थिनी दोघेही मृत्यू पावली. त्या अपघाताच्या कारणांची चर्चा येथे कर्तव्य नाही. परंतु असे विमान अरण्यात उतरले वा पडले तर शोधणाऱ्याच्या नजरेस ते चटकन पडावे, ही गोष्ट रंग निवडताना मनात बाळगलीच पाहिजे. परदेशी पुस्तके यासाठी नारिंगी रंग सुचवितात. हिरव्या रानात तो उठून दिसतो यात शंका नाही. पण फाल्गुनात आपल्याकडचा पळस फुलून रानेच्या राने नारिंगी झाली म्हणजे काय करावे, याचे उत्तर ती पुस्तके देत नाहीत. भाताच्या हिरव्या बांध्यांत पांढरा दिसतो, पळसाच्या रानातही पांढरा दिसतो. माझ्या मते आमच्या भागापुरता तरी पांढऱ्या अंगावर पंखांची टोके व शेपटी गडद लाल, हा मेळ सर्वांत चांगला. असे गडद पट्टे राळेच्या विमानावर मर्यादित जागी, आणि तेही कारखान्याने संमती दिलेल्या भागांवरच ओढावयाचे असतात. योगायोग असा की, आमच्या धानाच्या शेतांतील सारस पक्ष्याचेही रूप याच मेळाचे आहे: अंग फिके राखाडी, डोके व मान लाल. उरलेली उणीव आज पंखांच्या टोकांवरील लुकलुकणारे तीव्र दिवे भरून काढतात. जुन्या विमानांना ती सोय नव्हती, म्हणून त्यांच्या रंगावर अधिक भार पडे.

आता जुन्याच्या पक्षाकडे वळू. जी विमाने कामासाठी न राखता आठवणीसाठी राखली आहेत, त्यांचा रंग मूळचाच असावा असे सर्वजण म्हणतात. मीही म्हणतो. पण मूळचा म्हणजे कोणत्या दिवसाचा? टायगर मॉथ या दोन पंखी विमानाचेच उदाहरण घ्या. ते पहिल्याने ता. २६ ऑक्टोबर १९३१ रोजी उडाले, आणि दुसऱ्या महायुद्धात आपल्या हवाई दलाचे कित्येक वैमानिक त्यावरच शिकले. युद्धापूर्वी सैनिकी शाळांतील टायगर मॉथ पिवळे असे. युद्ध पेटल्यावर शत्रूला वरून दिसू नये म्हणून त्याच्या वरच्या अंगास हिरवा व मातकट रंग फासला गेला, खालचे अंग मात्र पिवळे राहिले. युद्ध संपल्यावर ते चंदेरी झाले व त्यावर पिवळे पट्टे आले. एकच विमान या तिन्ही अवस्थांतून गेलेले असू शकते. तिन्ही खरी आहेत. ज्यास मूळ रूप हवे त्याने आधी वर्ष निवडावे, आणि मग त्या वर्षाशी इमान राखावे. पिवळ्या अंगावर युद्धानंतरचे पट्टे ओढून दोन काळांची खिचडी करू नये. काही विमानांचा रंग तर त्यांच्या नावाशी इतका जडला आहे की तो बदलल्यास ओळखच पुसली जाईल. अमेरिकेचे पायपर कब हे विमान पिवळे आणि त्याच्या कुशीवर विजेसारखी मोडलेली काळी रेघ; ती रेघ काढून टाकली की कबचा कब राहत नाही.

दुसऱ्याचा वेष घेण्याचाही एक प्रकार आहे. ता. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी ज्या डाकोटा विमानातून सैनिक श्रीनगरास उतरले, त्याचा क्रमांक व्हीपी ९०५ असा होता. २०१८ साली हवाई दलाच्या संग्रहात परशुराम नावाचे एक जुने डाकोटा आले, त्याच्या शेपटीवर हाच क्रमांक लिहिला आहे. विमान मात्र ते नव्हे. कोणी यास खोटेपणा म्हणेल. मला तसे वाटत नाही. हा मान कोणत्या विमानाच्या नावे दिला आहे ते उघड सांगितले असेल, तर त्यात फसवणूक कसली? टाटांनी आपल्या पहिल्या उड्डाणाच्या पन्नासाव्या वर्षी, १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला, तोही पस मॉथमधून केलेला नाही. त्याच घराण्यातील लेपर्ड मॉथमधून केला. आठवण त्यामुळे उणी झाली नाही.

हौस जुनी असो वा नवी, एका बाबतीत मात्र मोकळीक नाही. प्रत्येक नागरी विमानावर राष्ट्राचे व नोंदणीचे चिन्ह असावे लागते. भारताची खूण रोमन लिपीतील व्ही व टी ही दोन अक्षरे, आणि त्यांपुढे त्या विमानाची तीन अक्षरे. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे पंखाच्या खालच्या बाजूस या अक्षरांची उंची ५० सेंटीमीटरपेक्षा कमी नसावी, धडावर वा शेपटीवर ३० सेंटीमीटरपेक्षा कमी नसावी. अक्षरे साधी, नक्षी नसलेली असावीत व मागील रंगाहून स्पष्ट वेगळी दिसावीत. चंदेरी अंगावर पांढरी अक्षरे कितीही देखणी वाटली, तरी ती चालावयाची नाहीत.

रंगाला वजन असते, ही गोष्ट तर रंगविणारेही विसरतात. घराच्या भिंतीवर चुन्याचे दहा हात बसले तरी घर खचत नाही. लहान विमानावर मात्र रंगाचे वजन काही किलोग्रॅम भरते, आणि जुना रंग न काढता त्यावर नवा चढविला की ते वाढतच जाते. तितके ओझे वाहण्याची शक्ती कमी होते. त्याहून मोठा धोका शेपटीच्या व पंखांच्या मागील कडेस बिजागऱ्यांवर हलणाऱ्या पट्ट्यांस असतो. त्यांच्या योगे वैमानिक विमान वळवितो, चढवितो आणि उतरवितो. या पट्ट्यांचे वजन बिजागरीच्या पुढे व मागे ठरावीक प्रमाणात तोललेले असते. रंगाचा बहुतेक भार बिजागरीच्या मागे पडतो, तोल बिघडतो, आणि वेग वाढला म्हणजे ती पट्टी वाऱ्यावरच्या पताकेसारखी फडफडू लागते. ही फडफड एकदा सुरू झाली की काही क्षणांत पट्टी तुटून जाऊ शकते. यास्तव रंग दिल्यावर प्रत्येक हलती पट्टी पुन्हा तोलून पाहणे हा कामाचाच भाग समजतात. ज्या कारागिराने तराजू न काढता काम पुरे झाले असे सांगितले, त्याचे काम पुरे झालेले नाही.

समजा, एखाद्या जुन्या हँगरात पडून असलेले पुष्पक विमान कोणाच्या हाती आले. बंगलोरच्या हिंदुस्थान कारखान्याचे हे दोन आसनी, कापडी विमान १९५८ साली प्रथम उडाले आणि देशातील उड्डाणसंस्थांतून अनेकांनी त्यावर धडे घेतले. त्यास रंग कसा द्यावा? पहिले काम कापड पारखण्याचे. ते कुजले असेल तर रंगाची चर्चा व्यर्थ. मात्र जुने कापड उतरविण्यापूर्वी त्याचा इतिहास वाचून घ्यावा. रंगलेल्या भागावर रुपयाएवढी जागा बारीक पॉलिश कागदाने, मध्यभागी खोल व कडेस उथळ अशी घासावी. एकात एक रंगीत कडी दिसू लागतात. पवनी येथे १९६९-७० साली झालेल्या उत्खननात मातीच्या थरांखाली जसे जुने स्तूप हाती आले, तसेच येथे आतले कडे सर्वांत जुने. प्रत्येक कड्याचा रंग टिपून ठेवावा, छायाचित्र काढावे, आणि नोंदणीच्या अक्षरांच्या खुणा सापडल्यास त्यांचे माप घ्यावे.

यानंतर नवे कापड सुताचे न घेता पॉलिस्टरचे घ्यावे, कारण ते पुष्कळ अधिक टिकते. डोपही जुने, झटकन पेट घेणारे न वापरता आजचे, त्या मानाने सौम्य वापरावे. किरणांना अडविणारा थर पूर्वीप्रमाणेच द्यावा. त्यावर मग त्या कड्यांतून निवडलेल्या एका वर्षाचा रंग. रंगाच्या खोलीत काम करणाऱ्यांनी श्वासाचे मुखवटे घालावेत, विशेषतः आजचे दोन द्रव मिसळून कठीण होणारे रंग फवारताना. त्यांची वाफ फुप्फुसांस फार अपायकारक आहे. अखेरीस हलत्या पट्ट्या तोलून, संपूर्ण विमान काट्यावर चढवून, त्याचे रिकामे वजन व गुरुत्वमध्य नोंदवहीत लिहावा, आणि त्याच पानावर कोणत्या वर्षाचा रंग दिला आहे तेही लिहून ठेवावे.